पंच्याहत्तर टप्पे

एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. हे मला काकानं शिकवलं. काका कुडाळ आगारात कंडक्टर. आगाराच्या नोटीस बोर्डावर 'वाहक' लिहिलेलं असायचं, पण हा शब्द वापरताना मी त्याला कधी ऐकलं नाही. कुठलंही अंतर सांगितलं की तो मनातल्या मनात सहानं भागायचा. कुडाळ ते सावंतवाडी चार टप्पे. माझ्यासाठी एक स्थळ बघून आल्यावर सगळ्यांनी त्याला मत विचारलं, तर म्हणाला, "पोरगी बरी आसा, पण अकरा टप्पे लांब."

२०१८ च्या मे महिन्यात त्याचा हिशोब चुकायला लागला. ड्युटी संपवून आगारात पैसे भरताना एके दिवशी एकशे चाळीस रुपये कमी, दुसऱ्या दिवशी साठ जास्त. एसटीत जास्त निघाले तरी धड नसतं, त्याचाही जाब द्यावा लागतो. तिकिटाच्या मशीनवर बोट फिरत राहायचं, बटण सापडायचं नाही. "खंय जावचा?" हे एकाच उतारूला तो दोनदा विचारायचा. आम्हाला वाटलं, डोळे. नवा चष्मा झाला. सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकायचं, उलटी व्हायची आणि मग दिवसभर बरं वाटायचं. नेहमीच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, आंबे कमी खा म्हणाले. तीन आठवडे आम्ही पित्तावरच होतो. त्या डॉक्टरांवर माझा राग होता, आता तेवढा नाही. मेंदूची गाठ हा आजारच दुर्मीळ. साध्या दवाखान्यात बसणाऱ्याला अख्ख्या कारकिर्दीत असे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटत असतील, आणि पित्ताचे रोज दहा.

पण सकाळची डोकेदुखी, उलटी आणि शब्द न सापडणं हे तिन्ही एकत्र आलं की थांबायचं नसतं, एवढं तरी आता मी कुणालाही सांगतो. सांगायची संधी शोधत असतो म्हटलं तरी चालेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणच्या गाडीत चौक्याच्या पुढे त्याला फिट आली. ड्रायव्हरनं गाडी प्रवाशांसकट सरळ मालवणच्या सरकारी दवाखान्यात नेली. मधे एकही स्टॉप घेतला नाही आणि एकही प्रवासी कुरकुरला नाही. संध्याकाळी सीटी स्कॅन, दोन दिवसांनी एमआरआय. डाव्या बाजूला, कानाच्या वर, लिंबाएवढी गाठ. भाषा जिथे असते तिथेच.

त्या रात्री पडवीत सगळे जमले. आमच्या सिंधुदुर्गातून मोठ्या आजाराला तीन वाटा फुटतात. दक्षिणेला गोवा, म्हणजे बांबोळी; चौदा टप्पे. पूर्वेला घाट चढून कोल्हापूर. बावीस-एक टप्पे, आणि पावसाळ्यात घाट शाबूत असला तर. उत्तरेला मुंबई. बांबोळी आम्हाला घरच्यासारखी. गोवा मेडिकल कॉलेजची मुळं १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत आहेत, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला 'मोठं हॉस्पिटल' म्हणजे तेच. पण त्याच वर्षी, २०१८ च्या जानेवारीपासून, गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क सुरू झालं होतं. दोडामार्गात त्यावर आंदोलनही झालं. गोव्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नव्हतं. त्यांच्या करातून चाललेलं हॉस्पिटल, त्यांच्याच खाटा अपुऱ्या. पण रोगाला सीमा कळत नाही आणि पत्रादेवीच्या नाक्यावरून अँब्युलन्स मागे वळत नाही, हेही तितकंच खरं.

कुठलं हॉस्पिटल चांगलं यावर त्या रात्री फारसं बोलणं झालंच नाही. काकानंच विचारलं, तेव्हा अजून त्याचं बोलणं बरं होतं, "मुंबयक जावचा ता खरा, पण रवाचा खंय?" सगळा निर्णय त्या 'खंय'वर अडला होता. माझा चुलतभाऊ कामोठ्यात राहतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, त्यात ते चौघं. तो फोनवर म्हणाला, "या. खाली गादी घालू." मुंबई ठरली ती अशी.

कोकणातल्या माणसाचे वैद्यकीय निर्णय असेच होतात. कोणाची खोली कुठे आहे त्यावर. गिरणगावाच्या काळापासून आमची नाती मुंबईत पसरली आहेत म्हणून आमचे रोगी तिथे पोचतात. ज्याचा भाऊ पुण्यात तो पुण्याला जातो, ज्याचं कोणीच कुठे नाही तो घरी राहतो.

ऑपरेशन जुलैत झालं. जेवढी निघाली तेवढी गाठ काढली. सगळी काढली असती तर भाषाही गेली असती. तपासणीचा कागद आला, ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर. यावर जगभर जे उपचार होतात ते २००५ साली युरोप-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासानं पक्के केले. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३० वेळा रेडिएशन. त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल. मग महिन्यातून पाच दिवस कॅप्सूल, असे सहा महिने. त्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण साधारण १२ महिने जगले, कॅप्सूल जोडल्यावर साडेचौदा. दोन वर्षांनी हयात असणारे शंभरात दहा होते, ते सव्वीस झाले. हे आकडे मी कामोठ्याच्या खोलीत मोबाइलवर वाचले आणि कोणालाच सांगितले नाहीत. काकीनं विचारलं, "काय म्हणता इंटरनेट?" मी म्हटलं, रेंज नाही.

कॅप्सूल कुडाळातही गिळता येते. रेडिएशन मात्र यंत्राखालीच घ्यावं लागतं, आणि यंत्र खारघरला. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं. त्याचंच खारघरचं केंद्र, अॅक्ट्रेक, डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात तिथे बसमधून उतरलं की समोरच्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या लोंबताना दिसतात. काका पहिल्या दिवशी ते बघत उभा राहिला. आंबोलीसारखंच, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. 'आंबोली' आलं नाही. "आपला... चढ... धुक्याचा..." एवढं म्हणाला.

आधी मुखवटा बनवतात. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात. थंड झाली की ती त्या चेहऱ्याचीच होते. रोज तो मुखवटा घालून टेबलाला खिळवायचं, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही आणि किरण नेमके ठरल्या जागी पडतात. मुखवटा, मांडणी, किरण, सुटका, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. त्यासाठी काका गावातून अडीच महिने उठून आला होता. बाहेर आल्यावर गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसून म्हणाला, "धा मिन्टांसाठी पंच्याहत्तर टप्पे!" आकडे त्याला शेवटपर्यंत येत होते. नावं गेली, आकडे राहिले.

मी त्याचा सोबती. काकी महिनाभर राहिली. पण घरी आजी, दोन म्हशी आणि दहावीतली मुलगी. म्हणून मी. कुडाळच्या एमआयडीसीत मी सुपरवायझर होतो. दोन महिने बिनपगारी मागितले, त्यांनी एक दिला, दुसरा मी घेतला, आणि नोकरी गेली. याबद्दल कुठेही कागद नाही. खर्चाच्या कुठल्याही हिशोबात माझी नोकरी येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केशरी रेशन कार्ड चाललं, रेडिएशनला पैसे पडले नाहीत, आणि त्यासाठी मी मनापासून कृतज्ञ आहे. २०१२ साली ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, पण आमच्यासारख्या किती घरांची जमीन तिनं वाचवली. तिच्यात एक कलम आहे. उपचार संपल्यावर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं, एकदा, फक्त रुग्णाला. आरोग्यमित्रानं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसानं, ते वाचून दाखवलं तेव्हा काकाचं लक्ष 'फक्त' या शब्दावर गेलं आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. रेल्वेला हे जास्त कळलेलं दिसतं. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण सवलत आणि सोबत्यालाही पाऊण.

कारण मेंदूच्या गाठीचा माणूस एकटा जाऊच शकत नाही. ज्याला कधीही फिट येईल त्याला गाडी चालवता येत नाही, रस्ता ओलांडताना धरावं लागतं. ज्याची भाषा गेली त्याला रिक्षावाल्याला काही सांगता येत नाही. मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडनं त्याला रात्रभर झोप नाही, मध्यरात्री भूक. म्हणजे इथे अंतर दोन माणसांनी कापायचं, दोन माणसांची मजुरी बुडवून. खारघरला दारात रोज पहिला प्रश्न हाच, "पेशंटबरोबर कोण?" शहर-गावातला भेद आम्ही मोजतो तो डॉक्टर किती, यंत्रं किती असा. दहा लाख माणसांमागे एक रेडिएशनचं यंत्र असावं हे जुनं माप सगळे सांगतात. त्या यंत्रापर्यंत नेणारा माणूस घरात शिल्लक आहे का, याचं माप कोणी काढलेलं मला माहीत नाही.

त्या वर्षी चतुर्थी १३ सप्टेंबरला, गुरुवारी. चतुर्थीला कोकणातला माणूस मुंबईत असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावणं कठीण आहे. आठवडाभर आधी कामोठं रिकामं होऊ लागलं. पनवेल स्टेशनवर गणपती स्पेशलला लोक खिडकीतून आत शिरत होते. चुलतभाऊ बायकापोरांसह गेला, काकीही आधीच गेलेली, जाताना भाऊ किल्ली देऊन म्हणाला, "तुमच्याच घरात बसवतलंव, फोन करू." म्हणजे आमच्या घरचा गणपती आमच्या घरी, त्यांच्या हातून, आणि आम्ही त्यांच्या घरात. गुरुवारी यंत्राला सुटी, शुक्रवारी पुन्हा पाळी. मधल्या एका दिवसात जाऊन येता येईल का, हे काकानं दोन दिवस बोटांवर मोजून पाहिलं. आठवडाभरात दोनदा फिट आली होती. शेवटी त्यानं मूठ मिटली.

गुरुवारी व्हिडिओ कॉलवर आरती झाली. तोंडानं एक शब्द धड न निघणारा काका 'सुखकर्ता दुखहर्ता' सलग म्हणत होता, एकही अक्षर न चुकता. पाठ असलेलं आणि चालीतलं डोक्यात दुसरीकडे असतं म्हणे. मी मोबाइल धरून उभा होतो. आरती संपल्यावर त्याला काकीचं नाव घेऊन काही सांगायचं होतं, ते पुन्हा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला ताप. अंथरुणातून उठवेना. काका फाईल काखेत मारून, मला हातानंच झोप म्हणून, एकटा निघून गेला. मानसरोवरहून खारघर एकच स्टेशन, चार मिनिटं. तो अकराला पोचायला हवा होता. साडेबाराला तिथून मला फोन, पेशंट आलेला नाही. दोन वाजता त्याचा फोन आला, म्हणजे वाशी स्टेशनवरच्या एका पोलिसानं फाईलवरचा नंबर लावून दिला. काका ओरडत होता, "चुकलो! माझो स्टॉप चुकलो!" उभ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्यांचे स्टॉप चुकू दिले नव्हते. झोपलेल्यांना खांद्याला हलवून उठवायचा. संध्याकाळी त्याला यंत्रावर घेतलं, तिथल्या तंत्रज्ञानं जेवण मागे ठेवून. त्याला मी पेढे नेऊन दिले, दुसरं काही सुचलं नाही.

बाकड्यावर आमच्या शेजारी वाशीमकडचा एक मुलगा असायचा, वीस-बाविशीचा, बरोबर वडील. कळंबोलीला गाववाल्याच्या खोलीवर राहायचे. सप्टेंबरच्या शेवटी वडील अस्वस्थ दिसू लागले. सोयाबीन सोंगणीला आलं होतं, पाऊस पडला तर शेंगा शेतातच फुटणार होत्या. आठ दिवसांत येतो म्हणाले. मुलगा एकटा राहू शकत नव्हता, तोही गेला. मुलाचे रेडिएशनचे २१ दिवस झाले होते. आमचे ३० पूर्ण होईपर्यंत ते परत आले नाहीत. त्या बापाला अडाणी म्हणणारे त्या बाकड्यावरही होते. मला म्हणवत नाही. मधेच तुटलेलं रेडिएशन काय करतं हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि शेत गेलं तर काय होतं हे त्याला आधीपासूनच माहीत होतं.

प्रत्येक तालुक्याला मेंदूचं हॉस्पिटल काढा, असं मी म्हणणार नाही. हे हात रोजच्या सरावानं तयार होतात. वर्षाला शंभर गाठी काढणाऱ्या सर्जनकडे आणि दोन काढणाऱ्याकडे जाण्यात फरक आहे, आणि गाठीच्या तुकड्यावरच्या जनुकीय तपासण्याही मोठ्या प्रयोगशाळेतच होतात. ऑपरेशनसाठी एकदा पंच्याहत्तर टप्पे जायला काकाची हरकत नव्हती. हरकत रोजच्या दहा मिनिटांना होती. ती दहा मिनिटं जिल्ह्याजवळ आणता येतात. नाहीतर निदान त्यांची संख्या कमी करता येते. २००४ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासानं साठीपुढच्या रुग्णांना ३० ऐवजी १५ वेळा रेडिएशन देऊन पाहिलं, जगण्यात फरक पडला नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अभ्यासात वृद्ध आणि अशक्त रुग्णांना पाच वेळाही पुरलं. काका बावन्नचा होता, त्याला ते लागू नव्हतं. पण अंतर कमी करायचा हाही एक रस्ता आहे आणि त्याला डांबर लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाकडे बघता हे बरंच म्हणायचं.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं. वाचून आनंद झाला. स्तनाच्या, आतड्याच्या कॅन्सरवाल्यांचे सलाईनचे फेरे वाचतील. आमच्या आजाराचा मुख्य उपचार त्यात बसत नाही. तरी रक्त तपासायला, फिट थांबवायला, स्टिरॉइड कमी-जास्त करायला कोणी शिकलेलं माणूस जिल्ह्यात बसलं, तर पुष्कळ झालं. ऑक्टोबरात काका घरी आल्यावर खरी ओढाताण त्याचीच होती. कॅप्सूलच्या पाच दिवसांआधी रक्तातल्या प्लेटलेट बघायच्या. रिपोर्ट कुडाळात मिळे, पण 'एवढ्यावर कॅप्सूल द्यायची का' हे सांगणारा पंच्याहत्तर टप्प्यांवर.

यावर तोडगा काढला तो आगारानं. काकाच्या जोडीदार ड्रायव्हर-कंडक्टरांनी आपसांत ठरवून टाकलं. रिपोर्ट, फाईल, एमआरआयची सीडी संध्याकाळच्या रातराणीत जायची. पहाटे पनवेलला चुलतभाऊ गाडीवर उभा. तो ड्युटीवर जायच्या आधी नंबर लावायचा, डॉक्टरांना दाखवायचा, त्यांनी लिहिलेला कागद परतीच्या गाडीत. फाईल जायची, काका ओट्यावर बसून असायचा. वर्षभरात ती फाईल अकरा वेळा जाऊन आली. डॉक्टरांनाही हे ठाऊक झालं होतं, एकदा त्यांनी भावाला विचारलं म्हणे, "आज एसटी उशिरा आली का?"

२०१९ च्या सप्टेंबरात नवा एमआरआय झाला. गाठ परत आलेली होती, या वेळी दोन ठिकाणी. काकी म्हणाली, आता त्यालाच घेऊन जाऊ. मी म्हटलं, आधी फाईल जाऊ दे. दोन दिवसांनी रातराणी उलटी आली तेव्हा मी स्टँडवर काकालाही घेऊन गेलो होतो, व्हीलचेअरवर. त्याला स्टँडवर जायचं असे. कागदावर तीन ओळी होत्या. पेशंटला आणण्याची गरज नाही, घरीच ठेवा, झोपेसाठी आणि दुखण्यासाठी ही औषधं. मी वाचून घडी केली.

फाईल आणून देणारा कंडक्टर काकाच्या हाताखाली शिकलेला. इतके महिने ते पाकीट तो फुकट नेत होता. त्या दिवशी, काका समोर आहे म्हटल्यावर, त्यानं मशीन काढलं, पाकिटाचं रीतसर लगेज तिकीट फाडलं, पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले आणि तिकीट काकाच्या हातात दिलं. काकानं ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. आकड्यावर अंगठा ठेवून कितीतरी वेळ बघत राहिला. मग मान हलवली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून दिलं.